सहा मेंढ्यांची फी

होल्ट, १९ मे

केतिल,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने ते हातात देण्याआधी दोनदा उलटून पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं?" वडिलांना पुरल्यापासून तुझं अक्षर या दारात आलं नव्हतं, तेव्हा त्याचं काही चुकलं नाही. मी म्हटलं, कोणी गेलं नाही, उलट एक जण जिवंत असल्याचं कळलंय.

वाटलं, आत माफी असेल. निदान तब्येतीची चौकशी तरी असेल. निघाला एक शब्द! इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेला भाऊ लीड्सहून विचारतो काय, तर 'फी' या शब्दाबद्दल. तेही ऐन मे महिन्यात, मेंढ्या विताना, जेव्हा या दरीत कुणाला स्वतःचं नाव विचारलं तरी तो चिडतो. तू खरोखर इथला आहेस ना?

असो. तू तिकडे ज्या शब्दकोशासाठी राबतोस त्याला मदत करते. तू लिहितोस की इंग्रज माणूस डॉक्टरला फी देतो, वकिलाला देतो, पोराच्या शाळेला देतो, आणि देताना त्याच्या मनात मेंढीबिंढी काही नसते. पण त्या शब्दाच्या पोटात मात्र गुरंढोरं आहेत. एक वाट त्यांच्याच जुन्या भाषेतून येते, जिथे गुरांना आणि धनाला एकच शब्द होता. दुसरी फ्रान्सवरून, चाकरीबद्दल मिळणाऱ्या जमिनीच्या शब्दातून, आणि त्याच्याही मुळाशी बहुधा गुरंच. कुठली वाट कुठे मिळाली यावर पंडितांची अजून जुंपलेली आहे म्हणतोस. जुंपू दे. त्यांना बिचाऱ्यांना मेंढ्या नाहीत, वेळ कसा जाणार?

आणि मग मला विचारतोस, की आपला 'फ्ये' हा त्याच घराण्यातला शब्द, तो लोक अजून मेंढ्यांसाठी वापरतात का, की आता नुसता पैशांसाठी? दोन्हींसाठी वापरतो. आज सकाळीच मी ओरडले, फ्ये आत घे, तर माझ्या हाताखालच्या वेल्ताने मेंढ्या आत घेतल्या, ती बँकेत गेली नाही. आपल्या अर्थमंत्र्याच्या पदातही तोच शब्द आहे. तो टीव्हीवर आला की मला दर वेळी वाटतं, आता हा बाबा यंदा कोकरं किती झाली ते सांगणार. सांगत नाही. सगळी मेल्यासारखा चेहरा करून बसतो.

आणि दात-फ्ये? बाळाला पहिला दात आला की द्यायची ती भेट? हल्ली रेक्याविकमध्ये चांदीचा चमचा देतात. तुला आजोबांनी काळ्या पोटाचं कोकरू दिलं होतं, आणि तुझ्या नावाची खूण कापली होती त्याच्या कानावर: उजव्या कानाचं टोक उडवलेलं, डाव्याला मागून एक खाच. घाल तुझ्या टिपणात.

आता माझं काम. तूही माझ्या वेळेचं काहीतरी देणं लागतोस.

वेल्ता म्हणजे माझा गडी. लॅटव्हियाची आहे, चाळिशी उलटलेली, घोट्यापाशी माझ्या मांडीएवढी जाड आणि जिभेने तुझ्याएवढी तिखट. आधी किनाऱ्यावर मासे कापायची, तीन हिवाळ्यांपासून होल्टवर आहे. तिच्याशिवाय माझं चालत नाही, कारण गुडघा जरा कुरकुरतो. दक्षिणेतलं एक हॉटेल तिला माझ्या दीडपट पगार द्यायला तयार आहे. मी म्हटलं, मीही वाढवते, कशीतरी. तर ती म्हणाली, "पैसे नको. मेंढ्या दे. जुन्या काळी गड्याला देत होता तशा. माझ्या मालकीच्या, हिवाळाभर तुझ्या वैरणीवर."

मी हसले. अगं, ते आमच्या आजोबांच्या काळात. आता कायदा आहे, पगाराची पावती आहे.

तर म्हणाली, "पैसे घेतले की मी जाऊ शकते. मेंढ्या घेतल्या की जाता येत नाही, त्यांना रोज खायला घालावं लागतं. मला असा पगार हवाय की जो घेऊन जाता येणार नाही."

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरून ज्याच्या त्याच्या वाट्याला जाईपर्यंत तिने मला मुदत दिली आहे. मिळाल्या तर राहते, नाहीतर हॉटेल. आणि ती गेली तर होल्ट विकायचं, दुसरा मार्ग नाही. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही, नुसतं सांगते.

अडचण मेंढ्यांची नाही, खुणेची आहे. स्वतःची खूण नसेल तर मेंढी स्वतःची कशी? आणि आपल्या दरीत कानावर जेवढ्या तऱ्हेने कापता येतं तेवढ्या सगळ्या तऱ्हा कुणा ना कुणाच्या नावावर आहेत. उरलेल्या खुणा अशा, की कानाची चाळण करावी लागेल. वेल्ता म्हणते, कोकराच्या कानावर मी एवढी सुरी चालवणार नाही.

म्हणून तुझी खूण दे. यंदाच्या हिवाळ्यात खुणांची यादी नव्याने छापतात, मालकाची सही लागते. सोबत कागद आहे, सही कर. आणि त्याबरोबर तुझ्या सहा मेंढ्याही दे.

हो, सहा आहेत. त्या दाताच्या कोकराचा वंश. तुझ्याच खुणेच्या, माझ्या वैरणीवर. कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. वडिलांच्या शवपेटीशेजारी उभा राहून म्हणालास, मला या घरातून शेपटीसुद्धा मिळाली नाही. शेपट्या सहा होत्या, गोठ्यात. तू तिकडे गेला नाहीस, सरळ विमानतळावर गेलास.

हाल्बेरा


होल्ट, २३ जून

केतिल,

'नाही'? एका ओळीत 'नाही'?

जन्मात ज्या मेंढ्यांना मूठभर गवत घातलं नाहीस त्या एकदम 'माझ्या' झाल्या. आणि वर सल्ला, की वेल्ताला चार पैसे जास्त देऊन बघ. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तुझा निरोप मी वेल्ताला सांगितला. वाटलं होतं, आदळआपट करील. ती भाकरीवर धुरी दिलेलं मटण ठेवत होती, ठेवत राहिली. म्हणाली, "चांगलं आहे." मी म्हटलं, काय चांगलं? "त्याला अजून काहीतरी हवंय, ते."

ही बाई मला पहिल्या वर्षी अजिबात आवडली नव्हती. सरळ सांगते. कॉफी गार करून पिते, मेंढ्यांपुढे बेसूर गाते, आणि माझ्या स्वयंपाकघरात तिने भांडी हलवली. पण माणूस ओळखायचा तर मे महिन्यात ओळखावा. एका रात्रीत तीन आडव्या कोकरांना तिने हात घालून सरळ केलं, कोपरापर्यंत रक्त, आणि चौथं निळं पडलेलं जन्मलं तेव्हा त्याच्या नाकात फुंकर घालत बसली, आम्ही सोडून दिलं तरी. ते आता कुंपणावरून उड्या मारतं. मी तोंडावर कधी कुणाचं कौतुक केलं नाही, तुला माहीत आहे. म्हणून तुला लिहिते, निदान कुठेतरी लिहिलेलं राहील.

मी पडलेबिडले अशी काही बातमी तुला शेजारच्या बेर्सीकडून कळली असेल तर ती खोटी आहे. म्हणजे पडले, पण गवतावर. वेल्ताने उचलून घरात आणलं. मी चालू शकत होते.

खूण पुन्हा मागणार नाही. तू विचार कर.

हाल्बेरा


होल्ट, ६ ऑगस्ट

केतिल,

सहापैकी थोरली कशी दिसते, विचारतोस. तिचं नाव गोल्सा. अंग पांढरट, पोट काळं, शिंगं उभी, पाय लांब, मांस कमी. खाटकाच्या कामाची नाही. पण ती म्होरकी आहे, उपजत. गोठ्याचं दार उघडलं की आधी तीच बाहेर येते, हवा हुंगते. परत आत वळली तर त्या दिवशी आम्ही कळप सोडत नाही. हवामान खात्यापेक्षा मला ती बरी, ती निदान चुकल्यावर खुलासे देत नाही.

फोटो नाही. सध्या ती डोंगरावर आहे. गवत कापून होत आलं. काठी घेऊन चालते मी, डॉक्टर म्हणतो म्हणून.

हाल्बेरा


होल्ट, २१ सप्टेंबर

केतिल,

आम्ही आहोत. तिकडच्या बातम्यांत आपल्या उत्तरेचं नाव आलं असेल तर आधी हे वाच: घरातलं कोणी गेलं नाही. गोल्सा आहे. तुझ्या सहाही आहेत.

आता सविस्तर सांगते. मी डोंगरावर नव्हते, खिडकीत होते. जे लिहिते ते वेल्ताने सांगितलेलं, बेर्सीने सांगितलेलं, आणि दोघांच्या मधलं.

तू गेलास तेव्हा डोंगराचे राजे बेर्सीचे वडील होते. आता कळप उतरवायच्या वेळी डोंगराचा राजा बेर्सी असतो. शेजारचा बेर्सी, तोच, तपकिरीच्या डबीशिवाय ज्याला वाक्य सुरू करता येत नाही. वर असताना त्याचा शब्द शेवटचा. वेल्ताला बरोबर न्यायला तो नाखूश होता. कानामागून आली आणि तिखट झाली, असं माझ्यासमोर म्हणाला. मी म्हटलं, होल्टचा एक माणूस द्यावा लागतो, मी येऊ का काठी घेऊन? मग नेलं तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेचा वारा फिरला आणि ओला बर्फ सुरू झाला. सप्टेंबरात, केतिल, पानंसुद्धा पिवळी व्हायची होती. इथे खिडकीतून मला कोठार दिसेना, तेव्हा वर काय असेल ते मला कळलं. मी चुलीपाशी बसले, उठले, पुन्हा बसले. मटणाचं सूप केलं, कुणासाठी ते माहीत नसताना.

वर त्यांच्यापाशी चार शेतांचा कळप होता. बेर्सीने ठरवलं की नदीच्या घळीतून उतरायचं, वाट जवळची आणि वाऱ्याला आडोसा. ठरवणं वेडगळ नव्हतं, मीही तेच ठरवलं असतं. कळप घळीच्या तोंडाशी आला आणि थांबला. पुढे गोल्सा उभी. मान वर, तोंड दांड्याकडे, म्हणजे वरच्या उघड्या धारेकडे, जिथे वारा माणसाला घोड्यावरून उचलतो. एक पाऊल घळीत टाकीना.

बेर्सीने तेव्हा जे केलं ते शहाण्याने करू नये. म्होरकीवर कुत्रं सोडू नये, हे त्याला त्याच्या आजाने शिकवलेलं होतं. पण अंधार होत होता, माणसं गारठली होती, आणि राजाचा शब्द एक मेंढी ऐकत नव्हती. त्याने शीळ घातली, कुत्रं गेलं.

वेल्ता मागे होती, शेपटाशी. तिने घोडा दामटत पुढे आणला, उडी टाकली आणि कुत्र्याच्या आणि गोल्साच्या मधे उभी राहिली. बेर्सी ओरडला, बाजूला हो. ती म्हणाली, तिला जाऊ दे तिकडे.

"या डोंगरावर राजा मी आहे."

"मग राजाने आज मेंढीमागून चालावं."

बेर्सी म्हणतो की त्या क्षणी त्याला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. वेल्ता म्हणते की तिलाही त्याच्या द्यावीशी वाटली. मी तिला नंतर विचारलं, तुला कसं माहीत की धारेची वाट बरी? म्हणाली, मला काही माहीत नव्हतं. त्या डोंगरावर ती दुसऱ्यांदाच जात होती. "पण त्या सगळ्यांत घाबरलेली नव्हती अशी ती एकटीच होती."

गोल्सा वळली आणि धारेने निघाली. एकामागून एक, ओळीने, सगळा कळप तिच्या पायवाटेवरून. धारेवर वारा इतका, की बर्फ ठरत नव्हता, म्हणून पाय टाकायला जमीन मिळत होती. वेल्ता गोल्साच्या मागे पायी. घोडा तिने सोडून दिला होता, तो वाऱ्यापुढे उभा राहीना. कुठे मेंढी बसली की ती उठवायची, आणि बेर्सी म्हणतो, गात होती बया, वाऱ्यात एक शब्द कळत नव्हता पण बेसूर आहे एवढं कळत होतं.

इथे मला आधी गोल्साचं काळं पोट दिसलं. आधी वाटलं, कुंपणाचा खांब. मग तो खांब चालायला लागला. काठी न घेता मी अंगणात गेले, कशी गेले ते मला सांगता येणार नाही. मागून मेंढ्या येतच होत्या, येतच होत्या, आपल्या, बेर्सीच्या, खालच्या दोन शेतांच्या. सगळ्यात शेवटी, बसलेल्या मेंढ्या उठवता उठवता मागे राहिलेली वेल्ता, खांद्यावर एक कोकरू, भुवयांवर बर्फ. तिने मला पाहिलं आणि पहिलं काय म्हणाली असेल? "तू बाहेर का आलीस? आत जा."

मी रडले, केतिल. वडील गेले तेव्हा रडले नव्हते.

तीन दिवसांनी पोरं घळ बघून आली. घोड्यावरच्या माणसाच्या टोपीपर्यंत बर्फाने भरली होती. पलीकडच्या दरीतल्या लोकांनी तसल्याच एका घळीत आडोसा घेतला होता. ते अजून लांब काठ्यांनी बर्फ टोचत फिरताहेत, कुठे मऊ लागतं ते बघत. काही मेंढ्या जिवंत निघतात.

तू शब्दाचा अर्थ विचारला होतास. त्या संध्याकाळी अंगणात जे उभं होतं ना, वाफ सोडत, ओलं, ओरडत, ते आमचं फ्ये. बँकेत आमचं काही नाही. आता तुमचे पंडित काय लिहायचं ते लिहोत.

खूण मागणार नाही म्हटलं होतं. मागते. या बाईला द्यायला माझ्याकडे तिच्या तोलाचं दुसरं काही नाही.

हाल्बेरा


होल्ट, ८ ऑक्टोबर

केतिल,

तुझं पत्र आणि सही केलेला कागद मिळाला. 'खूण आणि सहाही मेंढ्या वेल्ताला, कायमच्या.' खाली तुझी सही, आणि वडिलांसारखाच शेवटच्या अक्षराला तो मोठा फाटा. पत्रातलं बाकीचं मी दोनदा वाचलं. तुलाही रडता येतं हे मला माहीत नव्हतं. आणि चेक कशाला पाठवलास? वैरणीचे पैसे मी भावाकडून घेईन असं तुला वाटलं कसं? तो चुलीत गेला.

कागद घेऊन मी गोठ्यात गेले. मोठ्याने वाचून दाखवला. मला वाटलं, आता हसेल, निदान घाम पुसेल. वेल्ताने फावडं टेकवलं, कागद हातात घेतला, तुझी सही बघितली, आणि परत दिला.

"नको."

मी म्हटलं, नको म्हणजे? मे महिन्यापासून डोकं खाल्लंस. आता आलंय, तर नको?

"आता नको," म्हणाली आणि शेण ओढायला लागली.

मला इतका राग आला की मी तिला नको ते बोलले. हॉटेलचा पगार आठवला असेल, म्हटलं. आमच्या मेंढ्या आता तुला हलक्या वाटत असतील, म्हटलं. ती शेण ओढत राहिली. तिने दिलेली मुदत संपत आली होती, मेंढ्या वाटून घ्यायचा दिवस दोन दिवसांवर. तिची ट्रंक पलंगाखालून बाहेर काढलेली मला दिसली. ते दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त मेंढ्यांबद्दल बोललो. मी मनात होल्टची किंमत करून पाहिली. कोण घेईल, घोडेवाला जर्मन की उन्हाळ्यात येणारा कुणी दंतवैद्य, असलं सगळं.

वाटणीचा दिवस बर्फामुळे उशिरा आला, पण ऊन पडलं. तुला आठवतो तसाच तो गोल वाडा, मधे सगळा कळप, भोवती प्रत्येक शेताचा आपापला कप्पा. माणसं कंबरेपर्यंत लोकरीत बुडालेली, शिंगं धरून कान बघतायत, खूण वाचतायत, ओढतायत. बाटल्या फिरत होत्या. गाणं सुरू झालं होतं. मला त्यांनी कुंपणावर एका पेटीवर बसवलं होतं, राणीसारखं किंवा गाठोड्यासारखं.

तेवढ्यात बेर्सी आला. त्याच्या दोन मांड्यांत एक घेटी, म्हणजे यंदाचं मादी कोकरू, शिंगं धरून आणलेली. तो वेल्तासमोर थांबला. आधी तपकीर ओढली. मग वाऱ्याबद्दल बोलला. मग गवताबद्दल. आजूबाजूचं गाणं हळूहळू बंद पडलं, कारण बेर्सीचे कान लाल झालेले सगळ्यांना दिसत होते.

मग म्हणाला, "माझ्या बायकोची, आल्फदीसची, खूण रिकामी पडलीय. ती गेल्यापासून मी कुणाच्या कानावर कापली नाही. पोरी शहरात, त्यांना नको. आणि हे कोकरू त्या दिवशी तुझ्या खांद्यावर होतं, माझंच निघालं. दोन्ही तू घे, बाई. चुकलो होतो मी वर."

चार शेतांची माणसं उभी होती. डोंगराच्या राजाने चुकलो म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्याच्या वडिलांच्या तोंडूनही नाही. वेल्ताने त्याच्याकडे बघितलं, मग कोकराकडे. म्हणाली, "घेते." आणि खालच्या दोन शेतांच्या लोकांनीही मग एकेक घेटी आणली. कुणी भाषण केलं नाही. कुणीतरी मगाचं गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं.

आल्फदीसची खूण सोपी आहे, डाव्या कानाला पुढून एकच तिरका काप. कोकराला फार दुखत नाही.

मी पेटीवर बसून होते आणि माझी मलाच लाज वाटत होती. राग पण होता. घरी येताना ट्रॅक्टरवर वेल्ताच्या शेजारी बसले होते, मागे मेंढ्या, पुढे गोल्सा. शेवटी विचारलंच. बेर्सीचं घेतलंस, मग माझ्या भावाचं का नाही? सही केलेला कागद होता. सहा मेंढ्या होत्या, एक नाही. त्याच्यात काय खोट होती?

 मग तिने मला जे सांगितलं ते या तीन वर्षांत सांगितलं नव्हतं. ती किनाऱ्यावर मासे कापत होती तेव्हा तिच्या भावांनी आजीचं घर विकायला काढलं, आणि तिला फोनवर सांगितलं, तुझी सही पाठव. तिने पाठवली. त्या वेळी वाटलं, काय करायचंय मला त्या घराशी. तिच्या वाट्याचे पैसेही आले, चांगले आले. त्यानंतर ती तिकडे गेलेली नाही. जायचं म्हटलं तरी कुणाकडे, असं म्हणाली.

"आल्फदीस परत येणार नाही," वेल्ता म्हणाली. "मेलेल्या माणसाची खूण मी घेते. जिवंत माणसाची नाही घेणार. तो येऊ शकतो अजून."

घरी आल्यावर तिने ट्रंक पुन्हा पलंगाखाली सरकवली. तिच्या तिन्ही घेट्या आपल्या गोठ्यात आहेत, माझ्या वैरणीवर, ठरल्याप्रमाणे. ती राहतेय.

तुझा कागद याच पाकिटात परत पाठवते. फाडून टाक, आणि यादीसाठी नवी सही कर, तुझ्याच नावाची. तुझ्या सहाही आत आहेत, बाकीच्यांतच उभ्या आहेत. ये, केतिल. मला तू हवा आहेस.

तुझी बहीण,
हाल्बेरा